दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला खटला : न्यायालयात जाण्यापूर्वी

प्रश्न : महोदया, सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांचा असून पुण्यात एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाहून बाणेरहून कोथरूडला परतताना नाकाबंदीत माझी मोटार थांबवण्यात आली. यंत्रात फुंकल्यावर ६८ हा आकडा आला. पोलिसांनी वाहन परवाना ठेवून घेऊन पावती दिली, मोटार सोबतच्या न प्यायलेल्या मित्राकडे सोपवली, सरकारी रुग्णालयात नेऊन माझ्या रक्ताचा नमुना घेतला आणि जामिनावर सोडले. आता शिवाजीनगर न्यायालयाचे समन्स आले आहे. मित्र म्हणतो, गुन्हा कबूल कर, दहा हजार भर आणि मोकळा हो. मामांच्या ओळखीचे कुणी ‘मॅनेज’ करून देतो म्हणतात. मला आजवर साधे चलनही आलेले नव्हते. कंपनी मला वर्षअखेरीस अमेरिकेला पाठवण्याच्या विचारात आहे आणि पासपोर्टची मुदतही संपत आली आहे. मला तुरुंगात जावे लागेल का? वकील द्यावा का? गुन्हा कबूल करावा का? आईवडिलांना अद्याप काहीही सांगितलेले नाही. (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : तुमच्या मित्राचा सल्ला आणि मामांचा सल्ला वरवर वेगळे दिसत असले, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे हे प्रकरण पैसे भरून किंवा शब्द टाकून मिटवता येते. ही समजूत आधी दूर करायला हवी. सिग्नल मोडणे किंवा हेल्मेट न घालणे यांसारख्या अनेक गुन्ह्यांत जागेवर किंवा ऑनलाइन तडजोड शुल्क भरून विषय संपतो, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० मध्ये त्या गुन्ह्यांची नोंद आहे. दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे पोलिसांना तुमच्याकडून पैसे घेऊन प्रकरण बंद करण्याचा अधिकारच नाही, आणि ज्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही तो लोकअदालतीच्याही कक्षेबाहेर असतो. हा फौजदारी खटला आहे, त्यात तुम्ही आरोपी आहात आणि त्याचा निकाल न्यायदंडाधिकारीच देऊ शकतात.

कायदा काय म्हणतो ते नेमके पाहू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना मोटार वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा कलम १८५ चा गुन्हा आहे. तुमचा आकडा या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, म्हणून तेथे राहून आलेल्या एखाद्या नातेवाइकाने ‘एवढ्याने काही होत नाही’ असे सांगितले असेल, तर ते येथे लागू पडत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्या आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड ‘२,००० रुपयांपर्यंत’ होता. आता ‘पर्यंत’ हा शब्द गेला आहे आणि रक्कम ठरलेली आहे.

तुरुंगाबद्दल खोटा धीर देणे मला योग्य वाटत नाही. अपघात झालेला नाही, कुणाला इजा नाही, पूर्वी गुन्हा नाही आणि आरोपी बोलावल्यावर हजर राहतो, अशा प्रकरणांत बहुधा दंडावर भागते, किंवा दंडाबरोबर ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ दिली जाते, म्हणजे त्या दिवशी कामकाज संपेपर्यंत न्यायालयातच बसून राहावे लागते. परंतु पहिल्याच गुन्ह्यात काही दिवसांची कैद दिल्याची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत, आणि तसे करणे कायद्याच्या चौकटीतच बसते. तेव्हा शक्यता कमी आहे एवढेच मी म्हणेन. नाही असे म्हणणार नाही.

तुमच्या प्रश्नांत ज्याचा समावेश नाही, पण ज्याचा परिणाम तुम्हाला सर्वांत अधिक काळ जाणवेल, ती गोष्ट म्हणजे परवाना. येथे दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली प्रादेशिक परिवहन कार्यालयाची. पोलिसांनी ताब्यात घेतलेला परवाना कलम २०६ नुसार परवाना अधिकाऱ्याकडे जातो, आणि तो अधिकारी तुमचे म्हणणे ऐकून घेऊन पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो. दुसरी यंत्रणा खुद्द न्यायालयाची. कलम २० प्रमाणे, कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने आरोपीला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवले पाहिजे, असे कायदाच सांगतो. गुन्हा कबूल करून दंड भरणाऱ्या अनेकांना ही तरतूद निकालपत्र हातात पडल्यावरच कळते. तुमचा मित्र ज्याला मोकळे होणे म्हणतो, त्यात हे सहा महिने येतात याचा हिशेब त्याने केलेला नाही.

या संदर्भात एक तातडीची सूचना. पोलिसांनी दिलेली ती पावती म्हणजे तात्पुरता परवाना नव्हे. परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर वाहन चालवता येत नाही, असे कलम २०६ मध्येच म्हटले आहे. मोबाइलमध्ये परवान्याची डिजिटल प्रत आहे म्हणून तुम्ही अजूनही गाडी चालवत असाल, तर आजपासून थांबा. परवाना हरवल्याची तक्रार देऊन दुय्यम प्रत काढण्याचा उपायही कुणीतरी सुचवील. ते खोटे निवेदन ठरेल आणि एका गुन्ह्याचे दोन होतील.

आता मामांच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू भाच्याला वाचवण्याचा आहे, हे मी समजू शकते, तरीही स्पष्ट लिहिते. लोकसेवकाला लाच देणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गाडी आपणच चालवत होतो असे तुमच्या मित्राने न्यायालयात सांगणे, ही अशीच दुसरी कल्पना. ती खोटी साक्ष ठरते आणि भारतीय न्याय संहितेनुसार तिलाही सात वर्षांपर्यंत कैद आहे. सहा महिन्यांच्या कमाल शिक्षेतून सुटण्यासाठी सात वर्षांच्या गुन्ह्यात पाय घालणे हे शहाणपण नाही. पुण्यात तर हे अधिकच ध्यानात ठेवले पाहिजे. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. तुमचे प्रकरण त्या तोडीचे नाही, पण ‘मॅनेज’ करण्याचा प्रयत्न कुठवर नेऊ शकतो, हे त्या घटनेने सर्वांना दाखवले आहे.

वकील द्यावा का, याचे उत्तर होय असे आहे, आणि तो पहिल्या तारखेपूर्वी द्यावा. कबुली द्यायची असली तरीही द्यावा, कारण कबुली देण्याआधी कागद पाहिले पाहिजेत आणि ते काम अनुभवी फौजदारी वकील तासाभरात करू शकतो. खर्च परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्यांना, तसेच महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विनामूल्य वकील मिळतो. तुमच्या वेतनात ही सोय बहुधा मिळणार नाही, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी ती माहिती येथे नोंदवते.

वकिलाने कोणते कागद पाहायचे? यंत्रातून निघालेली छापील पट्टी, तिच्यावरील वेळ, यंत्राचा क्रमांक आणि ते यंत्र वेळोवेळी तपासले गेल्याचे प्रमाणपत्र, तसेच पट्टीवर तुमची सही आहे का. त्यानंतर अटकेची वेळ आणि वैद्यकीय तपासणीची वेळ. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ नुसार या गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला सोडून द्यावे लागते. तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे रक्ताच्या नमुन्याचा प्रयोगशाळेतील अहवाल. तो आला आहे का, त्यावरील नाव आणि नमुन्याचा क्रमांक जुळतात का, आणि आकडा किती आहे, हे पाहिल्याशिवाय कबुलीचा विचारही करू नका. केवळ तोंडाला वास येणे, चाल अस्थिर असणे, बोलणे अडखळणे एवढ्यावरून दारूचा अंमल सिद्ध झाला असे मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात म्हटले होते. त्या खटल्यात रक्ताची तपासणी झालेलीच नव्हती. तुमच्या प्रकरणात ती झाली आहे, म्हणून त्या निकालाचा आधार तुम्हाला फारसा मिळणार नाही. ‘तो निकाल दाखवला की आरोपी सुटतो’ असे कुणी सांगितले तर त्यामागे धावू नका.

आता कबुलीचा प्रश्न, जो माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा आहे. सरकार पक्षाने गुन्हा पुराव्याने सिद्ध करावा, असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे आणि तो वापरण्यात अप्रामाणिकपणा काहीच नाही. आकडा ३० च्या आसपास असेल, कागदांत मोठी विसंगती असेल, किंवा गाडी खरोखर दुसराच कुणी चालवत असेल, तर खटला लढवावा, असेच मी सांगेन. परंतु तुम्ही दारू प्यायला होता, गाडी तुम्हीच चालवत होता, आणि प्रयोगशाळेचा अहवालही यंत्राच्या आकड्याशी जुळत असेल, तर वर्षानुवर्षे तारखा घेत राहण्यातून काय साधेल, याचा शांतपणे विचार करा. दोन वर्षे टांगत्या खटल्याखाली काढण्यापेक्षा जबाबदारी स्वीकारून शिक्षा भोगणे आणि पुढे जाणे अनेकांना अधिक हितकारक ठरते, असे माझे प्रामाणिक मत आहे. फक्त ती कबुली समजून-उमजून दिलेली असावी. एकदा गुन्हा कबूल केला की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षा किती झाली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्याच मुद्द्यावर वरच्या न्यायालयात जाता येते.

कबुलीच्या वेळी वकिलाने शिक्षेविषयी स्वतंत्रपणे म्हणणे मांडले पाहिजे. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, पोलिसांशी सहकार्य, नोकरी, घरची जबाबदारी या गोष्टी थोडक्यात सांगाव्यात आणि शक्य असेल तर कागदाने दाखवाव्यात. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार, दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षा देण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंतीही करता येते. तो निर्णय पूर्णपणे न्यायाधीशांच्या हाती असतो, म्हणून हे मिळेलच असे धरून चालू नका, पण मागणेच राहून गेले असेही होऊ देऊ नका. दारूबाबत समुपदेशन घेतले असेल तर त्याचा दाखला जोडावा, मात्र तो खरा असावा. खटल्याच्या आदल्या दिवशी पैसे देऊन आणलेले दाखले न्यायाधीशांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

पहिल्यांदा न्यायालयात जाणाऱ्याला तेथील व्यवहाराचीच अधिक धास्ती वाटते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. समन्सवर वेळ लिहिलेली असेल त्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. प्रत्येक न्यायालयाच्या दाराबाहेर त्या दिवसाच्या खटल्यांची यादी लावलेली असते, तिला ‘बोर्ड’ म्हणतात. त्यावर तुमचा खटला क्रमांक शोधा. समन्स, आधार ओळखपत्र, जामिनाचे कागद, परवान्याची ती पावती आणि दंडाची रक्कम बरोबर ठेवा. मोबाइल बंद करा. वकील तुमचे वकीलपत्र दाखल करतील. नावाचा पुकारा झाला की पुढे जाऊन उभे राहा. न्यायाधीश आरोपाचा तपशील वाचून दाखवतील आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारतील. हा सगळा प्रसंग दोन-तीन मिनिटांत आटोपू शकतो आणि त्या घाईतच माणसे न समजता ‘हो’ म्हणून जातात. आरोप समजला नसेल, तर ‘साहेब, मला समजले नाही’ असे म्हणण्यात कोणताही अपमान नाही. न्यायाधीश पुन्हा सांगतात. त्या दिवशी वकील हजर नसतील किंवा प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला नसेल, तर पुढील तारीख मागता येते. न्यायालयात न जाणे हा मात्र पर्यायच नाही. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते, आणि जामिनावर सुटलेल्या व्यक्तीने सबळ कारण नसताना हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा वेगळा गुन्हा आहे.

निकाल लागल्यावर दंड भरल्याची पावती घ्या आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा. ती प्रत पुढे अनेक ठिकाणी लागेल. कैदेची शिक्षा झालीच, तर ती तीन वर्षांपेक्षा कमी असल्यामुळे आणि तुम्ही जामिनावर असल्यामुळे, अपील करण्याचा मनोदय सांगून त्याच न्यायालयाकडून तेवढ्या काळापुरता जामीन मागता येतो. सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची असते.

पासपोर्टबाबत तुमची शंका रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी आहे. अडचण दोषी ठरण्याची तितकी नाही, जितकी खटला प्रलंबित असण्याची आहे. फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६ ने दिलेला आहे. अशा वेळी २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला आहे त्याचीच परवानगी घेऊन पासपोर्ट मिळवता येतो, आणि न्यायालयाने मुदत सांगितली नसेल तर तो एका वर्षापुरता मिळतो. याउलट शिक्षा झाल्याच्या कारणावरून पासपोर्ट नाकारण्यासाठी नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची शिक्षा असावी लागते. तुमच्या गुन्ह्याची कमाल शिक्षाच सहा महिन्यांची आहे. तुम्हाला मुदतीच्या आत परदेशी जायचे असेल, तर हा मुद्दा वकिलाच्या कानावर जरूर घाला. अर्जात प्रलंबित खटल्याची माहिती लपवू नका, कारण पोलीस पडताळणीत ती बाहेर येतेच.

अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात, तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरवले आहे का, असा थेट प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच द्यावे लागेल. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एकही अटक असेल, तर तेथील वाणिज्य दूतावास अर्जदाराला त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठवतो. त्यात वेळ जातो, पण एका प्रसंगामुळे व्हिसा कायमचा बंद होतो असे नाही. खोटे उत्तर दिल्याचे उघड झाले तर मात्र तो परिणाम फार दूरवर जातो. निकालाची प्रमाणित प्रत लागते ती येथे. कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही प्रवासाची कागदपत्रे सुरू होण्याआधी सांगणे बरे. त्यांचे वकील अशी प्रकरणे हाताळत असतात.

आईवडिलांना सांगा. जामीनदाराची गरज पडली तर रात्री अकरा वाजता त्यांना पोलिसांकडून कळण्यापेक्षा आज तुमच्याकडून कळलेले चांगले. शिवाय तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या बाकावर शेजारी घरचे माणूस असण्याने जो आधार वाटतो, तो कोणताही वकील देऊ शकत नाही. मामांनाही हे उत्तर वाचायला द्यावे.

प्रश्न : ताई, आमचा स्वतःचा मालवाहू टेम्पो आहे आणि माझे पती तो नाशिकमध्ये चालवतात. ते रोज संध्याकाळी पितात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच पकडले गेले. न्यायालयाने दहा हजार रुपये दंड केला आणि सहा महिने गाडी चालवायची नाही असा हुकूम दिला. हप्ता कसा भरायचा म्हणून ते आता रात्रीचा टेम्पो चालवतो म्हणतात. मी काय करू? — एक वाचक भगिनी, नाशिक.

उत्तर : ताई, त्यांना कोणत्याही परिस्थितीत चालवू देऊ नका. अपात्र ठरवलेले असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२ चा स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. टेम्पो तुमच्या नावावर असेल, तर त्यांना तो चालवू दिल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. याहून मोठा धोका विम्याचा आहे. अपात्र चालकाच्या हातून, किंवा प्यायलेल्या चालकाच्या हातून, कुणाला दुखापत झाली तर विमा कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते आणि नुकसानभरपाईची लाखो रुपयांची रक्कम तुमच्या घरावर येऊ शकते. थकलेले दोन हप्ते आणि हा बोजा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

अपात्रतेच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात दाद मागता येते आणि दोषी ठरवण्याविरुद्ध अपील चालत नसले तरी हा आदेश रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाला आहे. मात्र सहा महिने ही कायद्याने ठरवलेली किमान मुदत असल्याने, केवळ उपजीविकेच्या कारणावर ती कमी होईल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. वकिलाचा खर्च करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. महिला म्हणून तुम्हाला तेथे उत्पन्नाची अट नाही, तरी अपील पतीच्या नावाने होणार असल्याने त्यांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. तोवर परवाना असलेला चालक रोजंदारीवर ठेवा, पतींनी त्याच्याबरोबर हमाली आणि हिशेबाचे काम पाहावे, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला हप्ते पुढे ढकलण्यासाठी लेखी अर्ज द्या. तोंडी बोलण्यावर राहू नका. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या.

रोज संध्याकाळी पिण्याचा मुद्दा तुम्ही एका ओळीत लिहिला आहे, पण मला तोच सर्वांत काळजीचा वाटतो. पुन्हा सापडले तर तो दुसरा गुन्हा धरला जाईल, त्याची कैद दोन वर्षांपर्यंत जाते आणि परवाना कायमचा रद्द होऊ शकतो. हे सहा महिने उपचारासाठी वापरता येतील. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. पुण्यात १९८६ पासून काम करत असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव मोठा आहे, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा महाराष्ट्रात अनेक शहरांत होतात. एक काळजी अवश्य घ्या : रोज पिणाऱ्याने एकाएकी घरीच दारू बंद केली तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात याची सोय विचारता येते.

प्रश्न : मित्र प्यायलेला असताना त्याने हट्ट केला म्हणून मी त्याला माझी मोटारसायकल दिली. तो नाकाबंदीत सापडला. पोलिसांनी मलाही बोलावले आहे. मी प्यायलो नव्हतो, मग माझा दोष काय? — एक वाचक, कोल्हापूर.

उत्तर : मित्र प्यायलेला आहे हे ठाऊक असून तुम्ही वाहन दिले, हाच मुद्दा आहे. दारू पिऊन वाहन चालवण्यास चिथावणी किंवा साहाय्य करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा कलम १८८ ने सांगितली आहे. तो प्यायलेला होता हे तुम्हाला खरोखर माहीत नसते, तर गोष्ट वेगळी होती. पण तुमच्याच पत्रात तुम्ही तसे लिहिलेले नाही. पोलिसांनी बोलावल्यावर जा, मोटारसायकलची कागदपत्रे न्या, आणि जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोला. मोटारसायकल ताब्यात घेतली असेल, तर मालक म्हणून ती परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि बंधपत्र यांवर ती बहुधा खटल्याच्या निकालाआधीच मिळते.